पदर मावेल असा गळा

मला याद्या करायची सवय पहिल्यापासूनच आहे. डी.एड. होऊन नेमणुकीची वाट बघत मी दोन वर्षं घरी बसले होते, तेव्हा ती फारच वाढली. टँकर कोणत्या वारी आला, किती घागरी मिळाल्या, कडबा किती दिवस पुरेल, सगळं एका दोनशे पानी वहीत उतरवायचं. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्या एका पानावर मथळा आहे ‘वहिनींचा स्वेटर’ आणि खाली नऊ मुद्दे आहेत. त्यातले सात वहिनींनी बाजारात उभ्या उभ्या खोडले.

आमचं गाव अणदूरच्या पलीकडं, हायवेपासून दीड मैल आत. दुष्काळाची सालं होती. विहिरींना पाणी नव्हतं, पण गावात नुकतीच दूध संस्था निघाली होती आणि सरकारी डेपोतला चारा आणून का होईना, लोक एखाददुसरी म्हैस जगवत होते. संस्थेचं शेड पत्र्याचं, तीन बाजूंनी बंद आणि पूर्वेला सताड उघडं. थंडीतला वारा नेमका तिकडूनच यायचा. पहाटे पाचला दूध घ्यायला सुरुवात करायची, सातच्या आत कॅन फाट्यावर पोचवायचे. डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नसे.

संस्थेचा लिहिणारा माणूस साखर कारखान्यात लागला आणि जागा रिकामी झाली. माझ्या वहिनी मॅट्रिक होत्या. माहेर सीमेपलीकडचं, घरात कानडी आणि शाळा मराठी. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचं सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांच्या तळाशी पडून होतं. त्यांनी ते स्वतः बाहेर काढलं आणि अप्पांपुढं ठेवलं. अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, संस्थेचे चेअरमन. नात्यानं वहिनींचे चुलत सासरे. त्यांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं आणि म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघू. तीन खाडे झाले की दुसरा माणूस.

दसऱ्यानंतर वहिनी कामाला लागल्या आणि कार्तिकातच त्यांचे दोन खाडे झाले. छाती कफानं भरली, ताप आला, उठवेना. वैद्यांनी काढा दिला आणि पहाटेचा वारा टाळायला सांगितलं. म्हणजे नोकरी टाळा. अजून पुरता मार्गशीर्ष आणि पौष बाकी होता आणि हातात खाडा एकच.

त्यांच्या माहेरच्या भाषेत थंडीला चळी म्हणतात. घाईत त्यांच्या तोंडून तोच शब्द जायचा. ‘लई चळी हाय,’ असं त्या पहाटे म्हणाल्या की आई आतून बोलायची, ‘चळीच हाय. तुला चळ लागलाय, दुसरं काय.’ आईचा नोकरीला विरोध नव्हता. सून आजारी पडेल आणि लोक सासूला बोलतील, ही तिची भीती होती.

तोवर वहिनी शाल पांघरून जायच्या. पण दूध घेताना दोन्ही हात गुंतलेले. एका हातात माप, दुसऱ्यात लॅक्टोमीटर, मध्येच पेन. शाल खांद्यावरून घसरायची, कधी टोक कॅनमध्ये जायचं. एकदा त्यांनी घोंगडी घेऊन बघितली, ती तर भिजून आणखी जड झाली. मग स्वेटर घ्यायचं ठरलं. हे वाचायला सोपं वाटेल, पण आमच्या गावात तेव्हा स्वेटर दोघांच्याच अंगावर दिसायचे, मास्तरांच्या आणि सुट्टीवर आलेल्या फौजीच्या. बाईच्या अंगावर स्वेटर कुणी बघितला नव्हता.

मी यादी केली. पुढून उघडा, बटणांचा. गळा उंच, कारण छातीचा प्रश्न. बायकी रंग, म्हणजे लग्नाकार्यात चालेल. नायलॉनची लोकर, कारण लवकर वाळते आणि धुवायला पाणी कमी लागतं. विणकाम पातळ. दोन खिसे. तयार मिळणारा, हातानं विणलेला नको. बाह्या पूर्ण. आणि शेवटचा मुद्दा मी अधोरेखित केला होता: एकच घ्यायचा, पण सगळीकडं चालेल असा. शेडमध्ये, टँकरच्या रांगेत, शेतात, देवाला आणि धाराशिवला डेअरीच्या ट्रेनिंगच्या वर्गातही.

माझ्या नेमणुकीची चौकशी करायला धाराशिवला जायचंच होतं. वहिनी पहाटेचं दूध गाडीवर चढवून तशाच एसटीत बसल्या. त्या दिवसांत थंडी पडली की धाराशिवला रस्त्याच्या कडेनं स्वेटर विकणाऱ्यांची ओळ लागायची. आम्ही त्यांना सरसकट नेपाळी म्हणायचो. ते तिबेटी होते हे मला पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. एक बाई ढिगामागं बसून सुया चालवत होती. ऊन चांगलं वर आलेलं, आम्हाला घाम फुटलेला आणि आम्ही स्वेटर मागत होतो.

मी वही काढून मुद्दे वाचले. त्या बाईनं मुकाट्यानं माझ्या यादीबरहुकूम एक स्वेटर पुढं केला. डाळिंबी रंग, मोत्यासारखी बटणं, दोन खिसे. मला वाटलं, काम झालं.

वहिनींनी तो अंगात घातला आणि रस्त्यातच वाकल्या, कॅन उचलताना वाकतात तशा. पुढचे दोन्ही भाग लोंबले आणि खिसे उपडे झाले.

‘वन्सं, ही बटणं बघा. ओल्या हातानं लागायची न्हाईत. आन एखादं तुटून कॅनात पडलं तर? डेअरीवाले म्हणतील, ह्या गावची म्हस बटणं देती.’

ती विकणारी बाई हसली. तिला सगळं मराठी कळत होतं असं दिसलं.

मग वहिनींनी माझा नायलॉनचा मुद्दा घेतला. स्वेटरच्या आतल्या शिवणीतला थोडासा धागा त्यांनी मागून घेतला, शेजारच्या चहावाल्याकडून काडी पेटवून आणली आणि धागा धरला. तो आक्रसून त्याचा काळा मणी झाला. दुसऱ्या एका राखाडी स्वेटरचा धागा जाळला, तर केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांनी चोळताच राख झाली. शेडमध्ये पाणी तापवायला स्टोव्ह असतो, त्या म्हणाल्या, भडकला तर नायलॉन अंगाला चिकटंल. लोकर इझती. ही गोष्ट माझ्या नऊ मुद्द्यांत कुठंच नव्हती. मी त्या शेडमध्ये कधी काम केलं नव्हतं आणि यादी मात्र मी केली होती.

राखाडी रंगाचंही तसंच. राखाडीवर राख दिसत नाही, धूळ दिसत नाही आणि आमच्याकडं त्या सालात पाण्यापेक्षा धूळच जास्त होती. तो स्वेटर पुरुषी होता, हातानं विणलेला, जाड विणीचा, डोक्यातून घालायचा. बटण नाही, खिसा नाही. मी म्हटलं, निदान गळा तरी बंद घ्या, छाती झाकली जाईल. तसाही एक होता. वहिनींनी तो साडीवरून घातला. पदर आत गेला, स्वेटर नीट बसला, अगदी ऊबदार. त्या मान हलवून बघत होत्या आणि मग एकदम थांबल्या. हात डोक्याकडं गेला. डोक्यावर काहीच नव्हतं.

अप्पा रोज पहाटे शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर नसणं ही गोष्ट तेव्हा आमच्या घरात होऊ शकत नव्हती. पदर स्वेटरच्या बाहेर ठेवला तर तो परत कॅनमध्ये जाणार. आत ठेवला तर डोकं उघडं. मी तर वही मिटली. मला वाटलं, हा प्रश्न स्वेटरनं सुटणारा नाही.

वहिनींनी बंद गळ्याचा काढला आणि पुढून टोकदार गळ्याचा, ज्याला सगळे व्ही गळा म्हणतात, तो उचलला. पदर पाठीवरून घेऊन खांद्यावर गोळा केला, वरून स्वेटर घातला आणि मग गळ्यात हात घालून पदराचं टोक वर ओढलं. ते गळ्यातून बाहेर आलं, मानेभोवती फिरलं आणि डोक्यावर बसलं. छातीवर जी जागा उघडी राहणार होती ती पदराच्या घड्यांनी भरून गेली. कानही झाकले. त्या पुन्हा वाकल्या, उठल्या, हात वर केले. पदर जागचा हलला नाही.

मी म्हटलं, ‘वहिनी, तान्ह्या पोराच्या टोपऱ्यावाणी दिसतंय.’

‘टोपरं तर टोपरं. कान झाकले का न्हाई, तेवढं सांगा.’

विकणाऱ्या बाईनं सुया खाली ठेवल्या आणि खुणेनं सांगितलं, परत करून दाखव. वहिनींनी परत दाखवलं. मग त्या दोघींनी मिळून ढिगातले व्ही गळ्याचे सगळे स्वेटर बाजूला काढले आणि एकेकाच्या गळ्यात मूठ घालून मापं घेतली. पदराची मूठ जाईल एवढा गळा रुंद हवा आणि खांद्यावरून घसरेल एवढा नको. पाचवा बरोबर बसला. आम्ही निघालो तेव्हा ती बाई दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला, नऊवारीतल्या एका म्हातारीला, तीच युक्ती दाखवत होती.

घरी आईनं स्वेटर उलटापालटा करून बघितला. ‘गड्याचा दिसतोय.’

‘व्हय आत्याबाई. पण म्हशीला कुठं कळतंय?’

आई हसू दाबून आत गेली. तिथं तो विषय संपला.

त्यानंतरचे पाच आठवडे मी वहिनींकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं त्याआधी कुणाकडंच बघितलं नव्हतं. पहाटे त्या विभूती लावून स्वेटर घालायच्या, घालताना ती अर्धी पुसायची, मग परत लावायच्या. कधी कधी मी कॅन धरायला सोबत जात असे. अंधारात कंदिलाखाली ओळीनं माणसं तांबे घेऊन उभी, वाऱ्यानं पत्रा वाजतोय, मास्तरसुद्धा तोंडात मफलर कोंबून उभे आणि वहिनी माप भरत, काटा वाचत, आकडा मोठ्यानं सांगत, वहीत लिहीत. बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या की तिथंच थांबायच्या. कुणी पाणी घातलेलं दूध आणलं तर त्या आवाज चढवायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, मामा, आज म्हस लई पाणी प्याली वाटतं, टँकर कवा आलता? त्या माणसाचं दुसऱ्या दिवशीचं दूध घट्ट यायचं.

तोच स्वेटर घालून त्या टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या, शेतावर जायच्या, कारखान्यावर कामाला असलेला माझा भाऊ सुट्टीला घरी आला की त्याच्यासोबत बाजारला. एकदा घाईत भाऊच तो घालून गेला आणि संध्याकाळी परत आणून दिला. म्हणाला, याला दुधाचा वास मारतोय. वहिनी म्हणाल्या, मग मालकिणीला शोभतो. खोकला थांबला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक बरोबरची खूण करत होते. तिसरा खाडा पडला नव्हता.

त्यात मी घोळ घातला.

आम्ही अणदूरला खंडोबाला जाऊन आलो. वहिनींच्या खांद्यापासून पोटापर्यंत भंडारा सांडला. राखाडीवर राख दिसत नाही, पण हळद लख्ख दिसते. तीनच दिवसांनी त्यांना धाराशिवला एका दिवसाच्या ट्रेनिंगला जायचं होतं. उन्हाचा दिवस म्हणून पहाटेचं दूध आटोपल्यावर त्या स्वेटर घरीच ठेवून गेल्या आणि त्याच दिवशी टँकर आला. माझ्या वहीप्रमाणं तो धुण्याचा दिवस होता. वहिनींना आश्चर्याचा धक्का द्यावा, म्हणून मी स्वेटर घेतला आणि डागावर धुण्याचा सोडा चोळला.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कुंकू करताना हेच करतात, हे मला तोंडपाठ होतं. तरी चोळेपर्यंत आठवलं नाही. पिवळा डाग बघता बघता रक्तासारखा लाल झाला. मी घाबरले आणि घाबरलेली माणसं करतात तेच केलं, आणखी जोर लावला. चुलीवरचं कढत पाणी ओतलं, घासलं, पिळलं, परत ओतलं. लाली गेली. स्वेटरही गेला. दुपारी दोरीवर एवढंसं काहीतरी लटकत होतं, जाड, ताठ, आठ वर्षांच्या मुलीला बसेल एवढं. मी तो दोन्ही बाजूंनी ओढून बघितला. तसूभरही वाढला नाही.

दिवस मावळता वहिनी एसटीतून उतरून आल्या. मी स्वेटर त्यांच्या हातात दिला. संक्रांत बारा दिवसांवर होती आणि त्या आठवड्यात थंडी सगळ्यात कडक पडली होती. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क त्यांचा होता, माझा नव्हता.

त्यांनी कापड दोन बोटांत धरून दाबलं. मग तोंडाजवळ नेऊन त्यातून फुंकर मारली आणि पलीकडं हात धरला.

‘वन्सं, वारा जाईना बघा ह्यातनं. घोंगडीवाणी झालंय.’

त्यांच्या माहेरी शेजारी घोंगड्या विणणारं घर होतं. ती माणसं घोंगडी भिजवून तुडवतात, तेव्हा ती आटते, घट्ट होते, हे त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. त्यांनी कात्री मागितली. मी दिली आणि तोंड फिरवलं. गळ्याच्या टोकापासून खालपर्यंत सरळ एक रेघ कापून त्यांनी स्वेटर उघडा केला. मी ओरडले की धागे सुटतील. त्यांनी कापलेली कड माझ्यापुढं धरली. आटलेल्या लोकरीचा एक धागाही सुटला नव्हता.

आता तो उघडा होता, पण अंगाला पुरत नव्हता. आईनं कुणी न सांगता जुन्या घोंगडीचा फाटका तुकडा आणून टाकला. वहिनींनी त्याच्या दोन लांब पट्ट्या पुढच्या दोन्ही कडांना आणि दोन लहान काखेत लावल्या, दाभणानं, मोठमोठ्या टाक्यांनी. बटणं नाहीतच. तीन ठिकाणी नाड्या. जेवणाची ताटं मांडायच्या आत ते तयार झालं होतं. पदर आधीच डोक्यावर घ्यायचा, खांद्यावरून खाली आणायचा आणि वरून हे घालून नाड्या बांधायच्या. बाह्या आखूड झालेल्या, त्यामुळं वर सरकवायचंही काम नाही. दिसायला ते स्वेटर नव्हतं, जाकीट नव्हतं, घोंगडीही नव्हती.

पहाटे मी मुद्दाम सोबत गेले. कुणी हसलं तर काय बोलायचं ते ठरवून गेले होते. रांगेतल्या एकानं ‘सूनबाई, हे कुठल्या कंपनीचं?’ एवढं विचारलं. ‘वन्सं आन कंपनी,’ वहिनी म्हणाल्या आणि त्याचा तांब्या ओढून घेतला. अप्पा खुर्चीतून बघत होते. डोक्यावर पदर होता, काटा हातात होता, आकडे वेळेवर वहीत पडत होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेडमध्येच बैठक झाली. पंच पोत्यांवर बसले. मी खुणा केलेलं कॅलेंडर साक्षीला म्हणून काखेत धरून कोपऱ्यात उभी होते. एक पंच म्हणाले, बाईमाणूस आहे, आजारपण असतं, पुढच्या थंडीचं काय? आमच्या पाहुण्यांतला एक मुलगा रिकामा बसून आहे. अप्पांनी मला पुढं बोलावलं नाही, त्यांनी संस्थेचं हजेरीपुस्तकच उघडलं.

‘कार्तिकात दोन खाडे,’ ते म्हणाले. ‘तिथनं पुढं येक न्हाई. माझेच सात झालेत. पुढच्या थंडीचं इचारता, ह्या थंडीला तुम्ही किती दिवस आलाव?’

अप्पांनी ठरावाची वही वहिनींपुढं सरकवली. लिहिणारा दुसरा माणूस नसल्यामुळं स्वतःला कायम केल्याचा ठराव वहिनींनाच लिहावा लागला. त्यांनी तो सावकाश, सुंदर अक्षरात लिहिला, पूर्ण नाव घालून. पंचांनी सह्या केल्या. वही मिटायला अप्पांनी हात पुढं केला, तर वहिनींनी तिच्यावर तळहात ठेवला.

‘मामंजी, अजून येक लिव्हायचंय. पूर्वेच्या अंगानं पत्रा मारून द्यायचा, मंजूर म्हणून.’

अप्पांनी त्या उघड्या बाजूकडं बघितलं, जशी काही ती त्यांना त्याच दिवशी दिसली होती. मग त्यांनी स्वतःचा मफलर नीट केला आणि म्हणाले, लिही. आणि दार ठेवा म्हणावं, न्हाईतर पत्रेवाला आम्हाला आतच कोंडंल.